‘गावगाडा’ आणि गावची पाणीपुरवठा समिती : एक चिकित्सा

ग्रामीण पाणीपुरवठा योजना बंद पडली की तिच्या अपयशाचे कारण ‘लोकसहभागाचा अभाव’ असे सांगण्याची रूढी पडली आहे. या निदानात गाव हा एकजिनसी समाज असल्याचे गृहीत धरलेले असते. ते गृहीतक तपासण्यासाठी त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथाकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल.

आत्र्यांनी ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाइले नाहीत. वतन, बलुते आणि फिरस्ते यांचा भार कुणब्यावर कसा पडतो, याचा त्यांनी रोखठोक हिशेब मांडला. पाणी भरणारा कोळी हा जुन्या व्यवस्थेत बलुतेदार होता. त्याचे काम आणि सुगीतील वाटा ठरलेला असे. म्हणजे पाण्याची सेवा सद्भावनेवर नव्हे, तर हक्क व मोबदला यांच्या बांधणीवर उभी होती. मात्र ही बांधणी न्याय्य नव्हती. सार्वजनिक पाण्यावर कोणाचा अधिकार, हा प्रश्न महाडच्या सत्याग्रहाला 1927 साली विचारावा लागला.

आजची समिती या दोन्ही प्रश्नांची वारस आहे. 2002 च्या स्वजलधारा योजनेने देखभालीचा खर्च ग्रामस्थांवर सोपविला. 2019 च्या जलजीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटरचे प्रमाण ठरवून समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. ही प्रगती खरीच. तथापि समितीला नळ मिळाला, भूजलावरचा अधिकार मिळाला नाही.

चाकूर तालुक्यातील खेड्यांत हा भेद स्पष्ट होतो. येथील बेसाल्ट खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरात व भेगांत. साठा तोकडा असतो. सार्वजनिक विहीर आणि शेजारच्या उसाची विंधन विहीर बहुधा एकाच साठ्यातून उपसा करतात. उन्हाळ्यात सार्वजनिक विहीर आटली की शासन खाजगी विहीर अधिग्रहित करून मोबदला देते. म्हणजे सर्वांच्या साठ्यातून उपसलेले पाणी गावालाच पैसे मोजून परत घ्यावे लागते! पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर घेण्यास 1993 च्या अधिनियमाने मनाई केली होती. परंतु शेजाऱ्याला, भावकीला, प्रसंगी सरपंचाच्या आप्ताला ती मनाई सांगणार कोण? पाणीपट्टी थकविणाऱ्या गरिबाचा नळ तोडणे मात्र सोपे असते.

यावर हिवरे बाजारचे उदाहरण देऊन, एकोप्याने सर्व साधते, असा आक्षेप घेतला जाईल. तेथील नेतृत्व असामान्य होते, हे मान्य. परंतु तेथे सिंचनासाठी विंधन विहिरींवर व उसावर बंधन आले, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जाऊ लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते एकोपा हे या नियमांचे कारण जितके, तितकेच फळही आहे. नियम बलवंतालाही लागू होतो असे दिसल्यावरच दुर्बळ माणूस पाणीपट्टी विश्वासाने भरतो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या प्रसंगाचा दोष एकट्या अवर्षणावर ढकलून अभ्यासकाने थांबू नये. कोणत्याही योजनेच्या परीक्षणात उपसा कोण करतो, खर्च कोण सोसतो आणि मनाई कोणाला करता येते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. लोकसहभागाची चर्चा त्यानंतरची होय.