'कणा' : वर्गात न शिकविली जाणारी बाजू

कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविता महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांच्या बालवर्गांतही आवडीने शिकविली जाते. नोकरीच्या निमित्ताने दोन-तीन प्रांतांत राहिल्यामुळे हे शिकविणे आम्ही ठिकठिकाणी ऐकले आहे, आणि त्यातील एक गोष्ट आम्हांस सतत खटकत आली आहे. पुरात घर गेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या सरांकडे येतो, पैसे घेत नाही, पाठीवर हात तेवढा मागतो. एवढे सांगून झाले की शिक्षक 'स्वाभिमान' व 'जिद्द' हे दोन शब्द फळ्यावर लिहितात आणि तास संपतो. गेलेल्या घराविषयी कोणी विचारीत नाही.

वस्तुतः कविता त्या घराविषयी पुष्कळ सांगते. पडलेली भिंत, थंड चूल, उपसावयाचा चिखल आणि सोबतीला उरलेली पत्नी. हे सारे तो हसत सांगतो. नदीवर त्याचा राग नाही. ती त्याला माहेरी आलेल्या लेकीसारखी वाटते, आणि लेकीला रित्या हाताने कोण पाठवितो? परप्रांतात वाढलेल्या मुलांना 'माहेरवाशीण' म्हणजे काय हे समजावून द्यावे लागते. ते राहिले तर ही निव्वळ थट्टा वाटते. नीट समजले तर त्या हसण्याखालचे दुःख दहा वर्षांच्या मुलालाही कळते.

येथे शिक्षकाने थांबून विचारावे : ही दोघे आज रात्री कोठे निजतील? घर जाणे म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला कणा मोडला नाही याचे मोल कसे कळावे?

आमच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. दर तीन-चार वर्षांनी बदली, नवे क्वार्टर, तीच खोकी. त्यामुळे 'आमचे घर' कोणते हे त्यांना चटकन सांगता येत नाही. परंतु घर बदलत राहणे निराळे आणि डोक्यावर छप्परच नसणे निराळे. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, देवळांत, रेल्वेच्या फलाटांवर राहणाऱ्या अशा सुमारे १७.७ लाख माणसांची नोंद २०११ च्या जनगणनेत झाली. बदलीच्या गावी उतरताना आपली मुले याच फलाटांवरून चालत येतात.

मात्र एकट्या 'कणा'वर भागणार नाही. तिच्यात दोष कुणाचाच नाही. नदी आली आणि गेली. शिवाय पैसे नाकारणारा बेघर तेवढा आदरास पात्र, असा भलताच धडा मुले घेतात. (खिशाकडे गेलेला सरांचा हात, आमच्या मते, मुळीच वावगा नव्हता.) म्हणून थोरल्या मुलांसाठी तिच्या शेजारी, याच कवीने वि. वा. शिरवाडकर या नावाने लिहिलेले आणि १९७० साली रंगमंचावर आलेले 'नटसम्राट' ठेवावे. अप्पासाहेब बेलवलकरांचे घर पुराने नेले नाही. सर्वस्व मुलांना वाटून दिल्यावर त्यांच्याच घरांत ते परके झाले. पुढे रस्त्यावर त्यांना जीव लावतो तो बूटपॉलिश करणारा राजा. स्वगतांच्या पाठांतरात हा राजा बिचारा नेहमी बाहेरच राहतो. तो तास आमच्याकडे असता तर आम्ही राजापासूनच आरंभ केला असता आणि स्वगते पुढील रविवारवर ढकलली असती.