मित्राचा सल्ला

गोविंद बल्लाळ देवलांनी संशयाचे दोन खेळ रंगविले. 'संशयकल्लोळ' (१९१६) पाहून आपण पोट धरून हसतो. 'झुंजारराव' (१८९०) पाहून डोळे पुसतो. एकात तसबीर हातोहात फिरते, दुसऱ्याच्या मुळाशी असलेल्या 'ऑथेल्लो'त रुमाल. साहित्य जवळजवळ तेच! मग फरक कुठे? फाल्गुनरावाच्या घरी जिवावर उठलेला मित्र नाही, एवढाच.

'ऑथेल्लो' म्हटले की सर्वांना संशयी नवरा आठवतो. मला, शाळामास्तराला, आठवतो तो तरुण शिपाईगडी कॅशिओ. इआगो त्याला दारू पाजतो, त्याचा हुद्दा घालवितो आणि वर जिवलगासारखा सल्ला देतो : डेस्डिमोनाबाईंकडून रदबदली करून घे. वाचकहो, हा सल्ला वाईट नाही! भल्या मित्रानेही तोच दिला असता. शेक्सपिअरचे खरे सामर्थ्य इथे आहे.

आमच्या ऐरोलीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग मित्र ओळखायचा कसा?" मी निरुत्तर झालो. घरी येऊन नाटक पुन्हा उघडले. ऑथेल्लो येताना दिसताच कॅशिओ शरमेने काढता पाय घेतो; इआगोला ठिणगी टाकायला तेवढेच पुरते. 'संशयकल्लोळा'त मात्र शेवटी सारी माणसे समोरासमोर येतात आणि गाठ सुटते.

दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणालो, "बाळ, मित्र ओळखता येईलच असे नाही. पण ज्याचा अपराध केला, त्याच्यासमोर स्वतः उभे राहता येते."