सहीची प्रत, वाचायची प्रत

राजकीय नेत्यांच्या आत्मचरित्रांच्या सही केलेल्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे. आपल्यातल्याही काही मंडळींना तो जडला आहे. छंदाला नावे ठेवायची नाहीत. पण सही मिळवण्याच्या नादात पुस्तक वाचायचे राहून जाते, एवढीच माझी तक्रार.

युलिसिस ग्रँट यांचे आत्मकथन इथे फार नावाजलेले. घशाच्या कर्करोगाशी झुंजत त्यांनी ते पुरे केले आणि जुलै १८८५मध्ये डोळे मिटले. पहिला खंड निघाला डिसेंबरात. मग लेखकाची सही असणार कुठून? आत दिसते ते हस्ताक्षर छापील आहे!

आपल्या यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली निघाले आणि त्याच नोव्हेंबरात यशवंतराव गेले. सह्यांना मिळाले जेमतेम काही महिने. ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ हे पुढचे खंड मनातच राहिले.

गंमत अशी, की ग्रँट यादवी युद्धापाशी थांबतात, राष्ट्राध्यक्षपदापर्यंत येत नाहीत. यशवंतराव १९४६पाशी थांबतात. संयुक्त महाराष्ट्राची हकीकत त्यांच्या तोंडून ऐकायची राहिली, ही उणीव खरीच. पण देवराष्ट्रे, कराड, आई विठाई आणि बेचाळीसचे भूमिगत दिवस यांत भेटणारा माणूस अजून खुर्चीवर बसलेला नाही. म्हणूनच तो मोकळा बोलतो. आपण सही मागतो ती मात्र खुर्चीची.

तेव्हा सहीची प्रत मिळाली तर जरूर कपाटात ठेवा. मुलांच्या हाती मात्र साधी, वाचून खिळखिळी झालेली प्रत द्या.