मूळ, प्रत आणि बर्फाखालची पेटी

आमच्या कपाटाकडे पाहून एका स्नेह्यांनी एकदा विचारले होते की, या घरात नेमके किती जण राहतात? एका फळीवर आधुनिक शिल्पकलेवरचे ग्रंथ, दुसरीवर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांची वर्णने आणि खालच्या बंद कप्प्यात स्कॉटलंडमधल्या माल्ट व्हिस्कीच्या दोन-तीन बाटल्या. तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख या पत्रिकेच्या पानांत आला म्हणून काही ज्येष्ठ वाचकांच्या भुवया वर जातील, हे आम्ही जाणून आहोत. पण छंदांविषयी लिहावयाचे आणि एक छंद झाकून ठेवावयाचा, हे काही खरे नव्हे.

हे तीन छंद परस्परांस अनोळखी आहेत, असे आम्हांसही पुष्कळ वर्षे वाटत होते. त्यांची गाठ पडली ती एका लाकडी झोपडीत. रॉस बेटावरील केप रॉइड्स येथे अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या निम्रॉड मोहिमेने (1907–09) ही झोपडी उभारली. पंधरा माणसांनी 1908चा अंटार्क्टिक हिवाळा तिच्यात काढला. त्या हिवाळ्यात तेथे एक पुस्तक छापले गेले, आणि त्या झोपडीच्या जमिनीखाली व्हिस्कीच्या पेट्या राहून गेल्या. पुस्तक आणि पेटी या दोहोंच्या पुढे प्रती निघाल्या. त्या प्रतींचे मोल काय, हा या लेखाचा विषय.

पुस्तकाचे नाव ‘ऑरोरा ऑस्ट्रालिस’. अंटार्क्टिका खंडावर लिहिले, छापले आणि बांधले गेलेले हे पहिले पुस्तक. लंडनच्या कॉस्टन या मुद्रणसंस्थेने शॅकल्टन यांस एक लहान छापयंत्र दिले होते, आणि अर्नेस्ट जॉइस व फ्रँक वाइल्ड या दोघांना निघण्यापूर्वी काही आठवडे खिळे जुळविण्याचे शिक्षणही दिले होते. हे दोघे ज्या सहा-सात फुटांच्या खणात झोपत, त्याला सोबत्यांनी ‘बदमाशांचा आसरा’ असे नाव ठेवले होते. यंत्र तेथेच बसले. थंडीने शाई गोठे, म्हणून शाईच्या पत्र्याखाली मेणबत्ती लावून ठेवावी लागे. चित्रे जॉर्ज मार्स्टन यांची. बांधणी बर्नार्ड डे यांनी केली, आणि पुठ्ठा कोठून आणणार, म्हणून शिध्याच्या खोक्यांच्या फळ्या तासून त्यांचीच वेष्टने केली. प्रती शंभराच्या आसपास निघाल्या. फळ्यांवर खोक्यावरची अक्षरे तशीच राहिली असल्यामुळे संग्राहकांच्या जगात या प्रती आजही त्या अक्षरांवरून ओळखल्या जातात : एक ‘लोणी’ प्रत, एक ‘आयरिश स्ट्यू’ प्रत, एक ‘ज्युलिएन सूप’ प्रत.

आता एक गंमत पाहावी. या पुस्तकाविषयी जे काही लिहिले जाते, त्यातील बहुतेक मजकूर आम्ही वर लिहिला तेवढाच असतो. खोके, मेणबत्ती, लोणी. आत काय आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. लिलावात मोठ्या किमतीला जाणाऱ्या वस्तूचे वाचन करणे जणू असभ्यपणाचे आहे! आम्हांला मूळ प्रत परवडणे शक्य नव्हते. पुढे निघालेल्या प्रतिकृती-आवृत्तीवर समाधान मानावे लागले, आणि त्यामुळेच ते पुस्तक आम्ही वाचले.

त्यात थोडे चांगले आहे, थोडे सामान्य आहे आणि एक लेख अव्वल आहे. ‘नेमो’ या टोपणनावाने आलेल्या दोन कविता शॅकल्टन यांच्याच. काव्याचे वेड त्यांना दांडगे होते. परंतु येथे मोठे शब्द आहेत आणि उसना घोष आहे, यापलीकडे काही हाती लागत नाही. प्रत्यक्ष एरेबस पर्वत खिडकीबाहेर धुमसत असताना कवीला त्याच्यासाठी दुसऱ्यांचे शब्द शोधावे लागले, हे जरा खेदाचे. त्याच पर्वताच्या चढाईचा वृत्तान्त एजवर्थ डेव्हिड या पन्नाशीच्या भूगर्भशास्त्रज्ञाने लिहिला आहे. मार्च 1908मध्ये सहा जणांनी केलेली ती पहिली चढाई. लेख लांबला आहे, प्राध्यापकी पद्धतीने प्रत्येक खडकाशी थांबतो. तथापि या माणसाला स्वतःकडे हसून पाहता येते, आणि तरुण ब्रोकलहर्स्टच्या गोठलेल्या पायांविषयी तो जे अगदी कमी शब्दांत सांगतो, ते मनात राहते. डग्लस मॉसन यांची ‘बॅथीबिया’ ही अद्भुतकथा आहे. बर्फाच्या पलीकडे समुद्रसपाटीच्याही खूप खाली एक उबदार विवर, त्यात अवाढव्य बुरशी आणि अवाढव्य कीटक. अखेरीस स्वप्नच ते. शाळकरी युक्ती म्हणून आम्ही ती सोडून दिली असती. पण ज्या माणसाने महिनोन्‌महिने हिरवे पान पाहिलेले नाही त्याच्या स्वप्नात झाडांऐवजी बुरशी यावी, ही गोष्ट खऱ्या अनुभवाची आहे.

अव्वल लेख जेम्स मरे या जीवशास्त्रज्ञाचा. विषय काय, तर डबक्याच्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रोटिफर नावाचे जीव. हे जीव तळ्याच्या बर्फात वर्षानुवर्षे गोठून पडलेले असतात. मरे यांनी बर्फ खणून ते बाहेर काढले, वितळविले, पुन्हा गोठविले, पुन्हा वितळविले, आणि ते पुन्हा आपल्या उद्योगाला लागले. लेखात कोठेही शौर्याची भाषा नाही. बाहेर मृत्यू उभा असताना एक मनुष्य भिंगाला डोळा लावून कोणाचा तरी चिवटपणा मोजतो आहे, एवढेच. ध्रुवीय वाङ्मयात आम्हांला जे आवडते ते हेच, आणि त्यासाठी आम्हांला लोण्याच्या खोक्याची फळी लागली नाही. शब्दांच्या बाबतीत प्रत पुरेशी असते.

व्हिस्कीची गोष्ट निराळी. या मोहिमेसाठी शॅकल्टन यांनी मॅकिन्ले कंपनीच्या ‘रेअर ओल्ड हायलंड माल्ट’च्या पंचवीस पेट्या घेतल्या होत्या. झोपडीची निगा राखणाऱ्या न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टने 2010मध्ये जमिनीखालच्या बर्फातून पाच पेट्या काढल्या. तीन व्हिस्कीच्या, दोन ब्रँडीच्या. त्यांतली एक क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात नेऊन हळूहळू वितळविण्यात आली. कागदात आणि गवतात गुंडाळलेल्या बाटल्या निघाल्या, आणि आतली व्हिस्की द्रवरूपच होती, कारण एवढे मद्यार्क असलेले पेय त्या थंडीतही घट्ट गोठत नाही. तीन बाटल्या 2011मध्ये स्कॉटलंडला गेल्या. व्हाइट अँड मॅके ही कंपनी तेव्हा विजय मल्ल्या यांच्या समूहाकडे होती आणि बाटल्यांचा प्रवासही त्यांच्याच विमानाने झाला. ध्रुवीय इतिहासात भारतीय नाव शिरण्याची ही वाट आम्ही निवडली नसती, पण ते असो.

तेथे बुचातून सुई घालून थोडी व्हिस्की काढली गेली आणि तिची रासायनिक तपासणी झाली. निष्कर्ष वाचण्यासारखे आहेत. मद्यार्क 47.3 टक्के. व्हिस्की इन्व्हर्नेसच्या ग्लेन व्होर भट्टीची. मोड आणलेले सातू ज्या पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळविले ती माती ऑर्कनी बेटांवरची. पिंपे अमेरिकन ओकची, पूर्वी शेरी किंवा वाइन ठेवलेली. त्या काळची हायलंड व्हिस्की जड आणि धुरकट असावयाची, असा जाणकारांचा समज होता. ही निघाली हलकी आणि नाजूक, धुराचा नुसता स्पर्श असलेली. जुन्या काळाविषयीच्या आपल्या कल्पना किती वेळा आपणच जड करून ठेवलेल्या असतात!

यानंतर रिचर्ड पॅटरसन या मिश्रणतज्ज्ञाने तिची प्रतिकृती बनविली. परंतु मूळ भट्टी 1983मध्येच बंद पडली होती आणि 1986मध्ये पाडली गेली होती. तेव्हा ग्लेन व्होरच्या उरल्यासुरल्या पिंपांतील थोडी आणि इतर भट्ट्यांच्या निरनिराळ्या वयाच्या माल्ट एकत्र करून, नाकाच्या भरवशावर, ती चव साधण्यात आली. पन्नास हजार बाटल्यांचा तो संच. दर बाटलीमागे पाच पौंड ट्रस्टला. बाटलीचा आकार आणि लेबल जुन्यासारखे.

आमच्या भाच्याने परदेशातून येताना त्यांतली एक आणली. आमचा अभिप्राय असा : व्हिस्की चांगली आहे. सफरचंदासारखा एक गोड वास आधी येतो, धूर मागाहून आणि अगदी थोडा. पण पिताना आपण व्हिस्की पीत नाही, गोष्ट पितो. लेबल झाकून दिली असती तर आम्ही तिला उत्तम म्हटले असते आणि विसरलो असतो. लहान भट्टीच्या व्हिस्कीचा आम्हांला छंद लागला तो यासाठी की, एका पिंपातली दुसऱ्यासारखी नसते. लाकूड, हवा, वर्षे आपापला हात त्यावर ठेवून जातात. येथे पन्नास हजार बाटल्यांना एकच चव द्यावयाची होती. ज्या गुणासाठी मूळ वस्तू हवीशी वाटते, तोच गुण प्रतिकृतीला टाळावा लागला. हा दोष पॅटरसन यांच्या नाकाचा नाही. त्यांच्यापुढे ठेवलेल्या कामाचा आहे.

मूळ आणि प्रत यांचा हाच वाद पूर्वी एका न्यायालयात गेला होता, आणि त्याचा एक धागा आमच्या इंदूरपर्यंत येतो. 1926मध्ये कॉन्स्टँटिन ब्रँकुसी यांचे ‘बर्ड इन स्पेस’ हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. ना चोच, ना पंख. नुसती वर निमुळती होत गेलेली झळाळती धातूची झेप. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते शिल्प मानण्यास नकार दिला, स्वयंपाकघरातील भांडी आणि इस्पितळी सामानाच्या वर्गात घातले आणि चाळीस टक्के जकात लावली. खटल्यात एक मुद्दा असाही होता की, ब्रँकुसी यांनी अनेक पक्षी घडविलेले असताना हाच मूळ कसा? 1928मध्ये निकाल शिल्पकाराच्या बाजूने लागला. तो योग्यच होता. ब्रँकुसी यांनी दोन दशके तेच शिल्प पुन्हा पुन्हा केले. उंची बदलली, तळाची जाडी बदलली, ब्राँझऐवजी संगमरवर आला. त्यांतला एकही दुसऱ्याची नक्कल नाही.

ज्या वर्षी तो पक्षी जकात नाक्यावर अडकला, त्याच वर्षी यशवंतराव होळकर गादीवर आले. त्यांचा जन्म 1908चा, म्हणजे केप रॉइड्सच्या पुस्तकाच्या वर्षीचा. 1930च्या दशकात त्यांनी ब्रँकुसी यांचे तीन पक्षी घेतले. एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. हा व्यवहार जुळविणारे गृहस्थ आँरी-पिएर रोशे. या तीन पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावे, आत पाण्याचे कुंड असावे, अशी योजना होती. 1937–38च्या हिवाळ्यात ब्रँकुसी स्वतः भारतात आले आणि परत गेले. मंदिर झाले नाही. पक्षीही राहिले नाहीत. काळा आणि पांढरा 1973मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयाने घेतले. माणिकबाग राजवाड्यातले सामान 1980मध्ये माँटे कार्लोला लिलावात गेले. आणि त्या वाड्यात पुढे कार्यालय आले ते केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्याचे. एवढा अचूक विनोद रचण्याची हिंमत कोणा कथालेखकास झाली नसती.

रोशे यांचे नाव आणखी एका प्रतीशी जोडलेले आहे. मार्सेल द्युशाँ यांनी 1919मध्ये एका औषधी काचकुपीत पॅरिसची हवा बंद करून अमेरिकेतल्या मित्राला भेट दिली. पुढे ती कुपी फुटली. तेव्हा 1949मध्ये द्युशाँ यांनी रोशे यांस लिहून तशीच दुसरी कुपी पॅरिसच्या औषधाच्या दुकानातून मागविली. तीस वर्षांनंतरची हवा, तरी चालली. कारण तेथे हवेला मोल नव्हतेच, कल्पनेला होते. थट्टा म्हणून आम्हांला हे फार आवडते. मात्र ब्रँकुसीच्या शेजारी ठेवले की, ते फिके पडते, आणि या मतासाठी आम्हांला जुनाट म्हटले तरी हरकत नाही. कल्पनेची प्रत दुकानात मिळते. हाताने घासून आणलेल्या संगमरवराची मिळत नाही.

म्हणूनच इंदुरात आम्ही जे गमावले त्याची भरपाई छायाचित्रांनी होत नाही. गुळगुळीत कागदावर छापलेले ते पक्षी आमच्या वरच्या फळीवर आहेत. मरे यांचा लेख जसा आम्हांला प्रतीतून पूर्ण भेटला, तसा त्यांतला एकही भेटलेला नाही. शिल्पाभोवती चालावे लागते. प्रकाश सरकताना थांबावे लागते. ज्या शहरासाठी ते घडविले गेले, तेथल्या तीन पिढ्यांना ही संधी मिळाली नाही. कॅनबेरात ती कोणालाही आहे, याचा आम्हांला आनंदच मानावयास हवा. तो आम्ही अर्धाच मानतो.

सुई टोचलेल्या त्या तीन बाटल्या 2013मध्ये अंटार्क्टिकाला परत नेण्यात आल्या. त्या कोणी पिणार नाही. त्या केप रॉइड्सला झोपडीच्या जमिनीखाली ठेवावयाच्या, असे ठरले होते, आणि आमच्या मते हेच त्यांचे योग्य स्थान. आमच्या खालच्या कप्प्यात प्रतिकृतीच्या बाटलीत दोन बोटे उरली आहेत. पाहुणे लेबल वाचतात आणि हटकून विचारतात, ही खरी का? आम्ही आधी मरे यांच्या रोटिफरांचा लेख त्यांच्या हाती देतो. बाटलीपर्यंत फार थोडे पोहोचतात.