दुष्काळी कामाची मजुरी : दान, हक्क आणि मोजमाप

प्रस्तावना

गरिबांच्या पोटापाण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा की नाही, हा वाद वरवर पाहता दयाबुद्धीचा वाटतो. प्रत्यक्षात तो तीन व्यवहारी प्रश्नांभोवती फिरतो : पैसा कोणी भरायचा, मदतीस पात्र कोण आणि मदतीचे माप कोणी ठरवायचे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची चर्चा बहुधा तिच्या गौरवाने सुरू होते किंवा तिच्यातील गैरव्यवहारांच्या यादीने संपते. योजनेच्या पाठीमागे असलेला शंभर वर्षांचा मजुरीचा वाद मात्र बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात १८७७ मधील मुंबई इलाख्यातील मजुरीचा वाद आणि १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा यांचा एकत्रित विचार केला आहे. कायद्याने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुळापासून बदलली. तिसऱ्याचे उत्तर मात्र जुनेच ठेवले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

इंग्लंडमधील पूर्वपीठिका

वसाहतकालीन दुष्काळ-धोरणाची परिभाषा इंग्लंडच्या गरीब-कायद्यातून आली आहे. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गावावर, आपापल्या गरिबांना सांभाळण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी जमीन व घरे ताब्यात असणाऱ्यांवर पट्टी बसविली जाई. १६६२ च्या कायद्याने गरिबाचे 'मूळ गाव' ठरविण्याचे नियम घातले. परिणामी, अमुक विधवेचा किंवा अमुक मजुराचा खर्च कोणत्या पॅरिशने सोसायचा, यावर अठराव्या शतकात गावागावांत खटले चालले. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्याच्या अंगरख्यावर खुणेचे अक्षर लावणे सक्तीचे केले. १७९५ मध्ये बर्कशायर परगण्यातील स्पीनहॅमलंड येथे न्यायाधीशांनी पावाच्या भावानुसार मजुराच्या उत्पन्नाला पूरक रक्कम देण्याचे प्रमाण ठरविले. या वाढत्या खर्चाविरुद्ध तक्रारी वाढल्या आणि १८३४ च्या कायद्याने श्रमगृहाची कसोटी पुढे आणली. मदत इतकी अप्रिय करावी की अगदी नाइलाज झालेलाच ती मागेल, हे त्या कसोटीचे सूत्र होते.

या व्यवस्थेत पट्टी भरणारा शेतकरी आणि मदत मागणारा मजूर एकमेकांना चेहऱ्याने ओळखत. भरणाराच अनेकदा मजुराचा मालक असे आणि पात्रता ठरविणाऱ्या सभेतही तोच बसे. त्यामुळे हिशेबावर बारीक लक्ष राहिले, परंतु त्याची किंमत गरिबाला अपमानाने मोजावी लागली.

१८७७ : एक रतल धान्याचा वाद

१८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर, कलादगी, पुणे, अहमदनगर हे जिल्हे होरपळले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाचे प्रतिनिधी म्हणून मद्रास व मुंबई इलाख्यांत पाठविले. खर्चाची काटकसर हा त्यांच्या कामगिरीचा गाभा होता. प्रौढ पुरुषास एक रतल, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्याच्या किमतीइतकी रक्कम आणि वर अर्धा आणा, अशी मजुरी कामांवर लागू करण्यात आली. स्त्रिया व मुले यांचे दर त्याहून कमी होते. कामे गावापासून दूर ठेवावीत, म्हणजे खरा गरजूच तेथवर येईल, असाही विचार मांडला गेला. श्रमगृहाच्या भिंती येथे नव्हत्या. त्यांचे काम अंतराने आणि उपाशीपोटी उपसलेल्या मातीने केले.

मुंबई इलाख्यात याला दोन बाजूंनी विरोध झाला. हजारो मजुरांनी कमी मजुरीची कामे सोडून दिली. सरकारी दृष्टीने हा गरज नसल्याचा पुरावा होता. मजुरांच्या दृष्टीने तो नकार होता. दुसरी बाजू पुणे सार्वजनिक सभेची. १८७० मध्ये स्थापन झालेल्या या सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठविले. मद्रास इलाख्यात आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आधारावर त्याच मापाला आव्हान दिले आणि तेथे पुढे मजुरी वाढवावी लागली. सभेच्या व डॉ. कॉर्निश यांच्या युक्तिवादात दयेची याचना दुय्यम आहे. माप चुकीचे आहे, हे दाखविण्यावर त्यांचा भर आहे आणि त्यातच त्यांचे महत्त्व आहे.

पात्रतेचा प्रश्न आपल्या परिसरालाही स्पर्शून गेला. सोलापूर जिल्ह्यातून मोठ्या संख्येने लोक वऱ्हाडाकडे आणि निजामी मुलखाकडे निघाले. औसा त्या काळी याच निजामी मुलखात होते. राज्याची सीमा ओलांडलेला भुकेला माणूस कोणाच्या खर्चात धरायचा, हा इंग्लंडमधील पॅरिशांचाच प्रश्न येथे दोन सत्तांच्या सीमेवर उभा राहिला.

सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. जीव वाचविण्याची सरकारची जबाबदारी आयोगाने मान्य केली. तथापि, दुष्काळात मदत मागण्याचा हक्क मानला, तर सुकाळातही तो मागितला जाईल, ही भीतीही त्याने नोंदविली. इंग्लंडच्या गरीब-कायद्याची छाया या भीतीवर स्पष्ट दिसते.

१९७७ : भरणारा दूर, मागणारा हक्कदार

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडण्याची कामे, मिलो ज्वारी आणि सुकडी यांचा अनुभव घेतला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. डाव्या व समाजवादी संघटनांनी मजुरांचे मोर्चे काढले. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना, जिची सुरुवात १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाली होती, या पार्श्वभूमीवर राज्यव्यापी झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये एकमताने संमत केलेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी शासनावर आली. १८८० च्या आयोगाला ज्या हक्काची भीती वाटली, तोच हक्क येथे कायद्यात आला.

पैसा कोणी भरायचा, याचे उत्तरही नवे होते. १९७५ पासून लागू झालेल्या व्यवसाय कराचे उत्पन्न या योजनेकडे वळविले गेले आणि शासनाने तेवढीच रक्कम घालण्याचे बंधन स्वीकारले. म्हणजे शहरातील व नोकरीतील पगारदाराने खेड्यातील मजुराचा भार उचलावा, अशी ही योजना होती. पॅरिशमधील शेजारी-शेजाऱ्याचे नाते येथे तुटले आणि त्याबरोबर अंगरख्यावरील खूणही गेली. आपल्या प्राध्यापकवर्गाच्या वेतनपत्रकावरील दरमहा दोनशे रुपयांची कपात ही या इतिहासाची खूण आहे. ती मजुरावरील उपकार म्हणून मोजणे अनैतिहासिक ठरते.

या दुराव्याची दुसरी बाजूही आहे. भरणारा दूर असल्याने खर्च नीट होतो की नाही, हे पाहण्याची आच त्याला राहिली नाही. निधीत जमा झालेला पैसा आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर हा वारंवार टीकेचा विषय झाला. मे १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आणून जवळजवळ दुप्पट केल्यानंतर मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामांची उपलब्धता आखडून हमीच कमजोर झाल्याचे दाखविले. दर वाढवून कामे कमी उघडली, तर कायद्यातला हक्क कागदावरच राहतो.

न बदललेले माप

रोजगार हमीत मजुरी मुख्यतः कामाच्या मोजमापावर मिळते. येथे स्त्री-पुरुषांचा दर एक झाला, ही १८७७ च्या तुलनेत मोठी सुधारणा होय. परंतु माती किती उपसली, ती मऊ होती की मुरूम, मुरूम होता की खडक, याची नोंद अभियंता मोजमाप पुस्तकात करतो आणि मजूर हजेरीपटावर सही किंवा अंगठा करतो. औसा परिसरात वर काळी माती आणि खाली मुरूम व खडक अशी जमीन सर्वत्र आढळते. एका शब्दाच्या नोंदीने आठवड्याची मजुरी वरखाली होते. टेंपल यांच्या काळी जसे धान्याचे माप मजुराच्या हाती नव्हते, तसेच आज मातीचे माप त्याच्या हाती नाही.

ज्यांना श्रमच करता येत नाहीत, त्यांची स्थिती आणखी नाजूक आहे. १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि तालुकास्तरीय समितीची मंजुरी लागते. ओळखीच्या माणसांसमोर आपले निराधारपण सिद्ध करावे लागणे, ही पॅरिशची जुनी रीत येथे परतलेली दिसते. श्रमाच्या हक्काने जी मानहानी टळली, ती वृद्ध आणि विधवा यांच्या वाट्याला राहिली.

निष्कर्ष

महाराष्ट्राच्या कायद्याने २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला वाट दाखविली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद झाली. पैसा कोणाचा आणि हंगामात मजूर कोणाच्या शेतावर, हे पॅरिशच्या सभेतील दोन्ही प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आले आहेत. या चर्चेत दिवसांचा आकडा आणि वाट्याची टक्केवारी यांवरच लक्ष खिळून राहील, अशी शक्यता आहे. सार्वजनिक सभेच्या अर्जांपासून घेण्यासारखा धडा वेगळा आहे : मजुरीचे माप कोण ठरवितो, ते कोण तपासतो आणि मजुराला ते वाचून दाखविले जाते काय, हे विचारले पाहिजे. मोजमाप पुस्तक ग्रामसभेत उघडेपणाने वाचले जाईल, तेव्हाच १९७७ मध्ये दिलेला हक्क मजुराच्या हाती पडला असे म्हणता येईल.