'तर', 'तरी' आणि इंग्रजीची उभयान्वयी अव्यये

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या लेखनात 'ऑल्दो'ने आरंभलेल्या वाक्याच्या मध्यावर 'बट' आलेला वारंवार आढळतो. अध्यापक तो खोडतात आणि नियम सांगतात : दोहोंपैकी एकच. नियम बरोबर आहे. मात्र चुकीचे मूळ त्याने उलगडत नाही.

मराठीत संकेत आणि विरोध ही दोन्ही नाती जोडीच्या अव्ययांनी व्यक्त होतात : जर-तर, जरी-तरी. या जोड्यांतील पहिले पद वैकल्पिक असते, दुसरे जवळजवळ अपरिहार्य. 'पाऊस आला तर पेरणी होईल' या वाक्यात 'जर' नसल्याने काही अडत नाही. 'तर' काढताच संकेत विरतो. इंग्रजीत नेमके उलट घडते. तेथे 'इफ' सहसा सुटत नाही, 'देन' मात्र बहुधा गळते. म्हणजे इंग्रजी नात्याची खूण गौण वाक्याच्या आरंभी ठेवते. मराठी ती दोन वाक्यांच्या सांध्यावर ठेवते. 'ऑल्दो'मागून येणारा 'बट' हा त्या सांध्यावरील 'तरी'चाच अवशेष होय. 'अनलेस'नंतर येणारा जादा नकारही असाच, 'जोपर्यंत येत नाहीस तोपर्यंत' या रचनेतून उतरलेला असतो.

मराठी शालेय व्याकरण 'पण', 'परंतु' यांना न्यूनत्वबोधक म्हणते. 'जरी-तरी' मात्र 'जर-तर'सह संकेतबोधकांत घालते. ही विभागणी अर्थपूर्ण आहे. विरोध म्हणजे निष्फळ ठरलेला संकेत : 'पाऊस आला तर खेळ थांबेल', 'पाऊस आला तरी खेळ थांबणार नाही'. 'ज्ञानेश्वरी'च्या भाषेत तर 'जरी-तरी' ही जोडी आजच्या 'जर-तर'च्या अर्थीही येते. इंग्रजीत 'इफ' आणि 'ऑल्दो' ही वेगवेगळी रूपे असल्याने हे आप्तपण झाकले जाते.

ठाणे-भिवंडी मार्गावरील कशेळीसारख्या गावातील विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. आगरी बोली, प्रमाण मराठी आणि यंत्रमागांच्या भिवंडीतील हिंदी-उर्दू यांच्या मेळातून तो इंग्रजीकडे येतो. हिंदीतील 'हालाँकि-लेकिन', उर्दूतील 'अगरचे-लेकिन' याही जोड्याच. त्या मराठीच्या सवयीला बळच देतात. महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवली जाऊ लागली. तरी जोडशब्दांची यादी पाठ करवून घेण्याची रीत सरली नाही. 'तर्खडकर भाषांतर-पाठमाले'मागील दृष्टी निदान दोन वाक्यरचना समोरासमोर ठेवणारी होती. यादीत ही तुलनाच नसते. परिणामी भाषिक सवय ही बुद्धीची उणीव म्हणून मोजली जाते, आणि तिचा भार पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यावर सर्वाधिक पडतो.

हा प्रवास एकमार्गीही नाही. 'कवीची दृष्टी आधुनिक आहे, जरी त्याची प्रतिमासृष्टी पारंपरिक असली' अशी वाक्ये मराठी समीक्षेत रुळली आहेत. येथे 'तरी' गळाला आहे आणि विरोध वाक्याच्या शेपटीला गेला आहे. 'प्रतिमासृष्टी पारंपरिक असली तरी कवीची दृष्टी आधुनिक आहे' असे लिहिताना समीक्षकाला आधी प्रतिकूल पुरावा पुढे ठेवावा लागतो आणि निष्कर्ष त्याला ओलांडून गाठावा लागतो. पहिल्या रचनेत निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. आक्षेप नंतर, सोपस्कार म्हणून नोंदला जातो.

१८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'पासून मराठी गद्य इंग्रजी वाक्यबंधाशी देवघेव करीत आले आहे, आणि त्यातून त्याची प्रौढी वाढलीही. म्हणून शुद्धतेचा आग्रह येथे अप्रस्तुत ठरतो. प्रश्न निवडीच्या जाणिवेचा आहे. विद्यार्थ्याचा 'बट' खोडताना त्यामागचा 'तरी' दाखवणे आणि समीक्षकाने आपला गळालेला 'तरी' ओळखणे, ही दोन्ही कामे एकाच भाषाविवेकाची आहेत.