न रडणाऱ्या मुलीची नोंद कशी करायची?

रुग्णालयातल्या लहान मुलांशी समानुभूतीने कसं बोलावं, यावर तुम्ही प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर आधी जेम्स रॉबर्टसन यांचा १९५२चा माहितीपट बघा: 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल'. रॉबर्टसन लंडनच्या टॅविस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करत. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेली लॉरा, वय अडीच वर्षांच्या आतच. आईला सोबत राहायची मुभा नाही; त्या काळी भेटीसुद्धा मोजूनमापून.

आता गंमत बघा. ही मुलगी फारशी रडतच नाही. टेडी घट्ट धरून, चेहरा आवरून बसते. अशा मुलांना वॉर्डात 'रुळलं हो' म्हणायची पद्धत होती, आणि रॉबर्टसन यांचा सगळा वाद त्या एका शब्दाशी आहे. घरी निघताना लॉरा आईचा हात धरत नाही. तुमच्या निरीक्षण-तक्त्यात 'रडण्याची मिनिटं' एवढा एकच रकाना असेल, तर लॉरा मजेत होती असाच निष्कर्ष निघेल!

रॉबर्टसन यांनी मूल चिठ्ठी काढल्यासारखं निवडलं, रोज ठरलेल्या वेळी चित्रण केलं, भिंतीवरचं घड्याळही चित्रात ठेवलं. सोयीचं तेवढंच दाखवलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. तरी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमधल्या प्रयोगानंतर डॉक्टर मंडळी भडकलीच. पुढे १९५९च्या प्लॅट अहवालाने पालकांना मोकळेपणी भेटू द्यावं अशी शिफारस केली.

पण पद्धत म्हणून माझी तक्रार आहे. मूल एकच. शिवाय भूल, वेदना, अनोळखी जागा आणि आईचा विरह हे सगळं एकत्र मिसळलेलं. त्यातलं नेमकं कशामुळे काय झालं, हे यातून सुटं करता येत नाही. आई सोबत राहिलेल्या मुलीवरचा त्यांचा १९५८चा चित्रपट तुलनेला बरा, पण तिथेही मूल एकच.

दुसरी अडचण निवेदनाची. लॉराच्या चेहऱ्याचा अर्थ आपल्याला रॉबर्टसनच सांगतात. म्हणून पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, दिसेल तेवढंच लिहा. मग आवाज लावून पुन्हा बघा आणि 'उदास' हा शब्द तुमच्या वहीत आधी आला होता की नंतर, ते तपासा.